पोरोतो, काराओता आणि सांभार

सांतियागोत राहायला येऊन मला दीडेक वर्ष झालं होतं तेव्हाची गोष्ट. तिथे ला वेगा सेंट्राल म्हणून मोठा भाजीबाजार आहे, मापोचो नदीच्या पलीकडे, आपल्या मंडईसारखाच गजबजलेला, आणि तिथल्या एका गाळ्यासमोर उभी राहून मी दोन बायकांना एकमेकींचं बोलणं समजावून सांगत होते. दोघींची मातृभाषा स्पॅनिश. माझी मराठी.

एक आमच्या शेजारच्या फ्लॅटमधली, व्हेनेझुएलाहून नवरा आणि दोन पोरांना घेऊन नुकतीच आलेली, त्या काळात त्यांच्याकडचे लोक लाखांनी चिलीत येत होते. दुसरी गाळ्यावरची कासेरा, साठीच्या आसपासची. चिलीत भाजीवालीला कासेरा म्हणतात आणि गंमत म्हणजे भाजीवालीही नेहमीच्या गिऱ्हाइकाला कासेराच म्हणते, लाडाने कासेरिता. तर शेजारणीने विचारलं, काराओतास नेग्रास आहेत का? कासेराने मान हलवली, नाहीत. आणि तिच्या कोपराला लागूनच बारीक काळ्या राजम्याचं पोतं, तोंड दुमडून उघडं ठेवलेलं. मग शेजारणीने आउयामा मागितला. तोही नाही. मागे फळीवर हा एवढा राखाडी सालीचा भोपळा, अर्धा कापलेला, आतून गर्द केशरी. तिकडे हे भोपळे इतके अवाढव्य असतात की सुरी चालत नाही, चक्क करवतीने कापतात आणि फोडीवर विकतात. शेजारणीचा चेहरा उतरला. परक्या देशात आपली भाजी मिळत नाही हे माणूस समजून घेतो, पण आपल्याच भाषेत मागितली आणि मिळाली नाही तर कसं तुटल्यासारखं होतं ते मला चांगलं माहीत होतं. मी मधे पडले. काराओता म्हणजे तुमचे पोरोतो, आउयामा म्हणजे सापायो. कासेरा एकदा माझ्याकडे बघते, एकदा तिच्याकडे, आणि मग "अगं माझ्या राणी, आधी सांगायचं की" असं म्हणून तिने करवत उचलली आणि मागितल्यापेक्षा चार बोटं जास्त फोड कापून दिली.

ते तुटल्यासारखं होणं मला कसं माहीत, तर मी अमरावतीची. बारावी करून पुण्याला आले आणि पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे सांभाराची जुडी मागितली. आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. तो म्हणाला, ताई, सांबार समोरच्या हॉटेलात मिळेल. बरोबरच्या मुली इतक्या हसल्या की पुढचे पंधरा दिवस मेसमध्ये इडली आली की माझ्याकडे बघायच्या. तेव्हापासून मी कोथिंबीर म्हणायला लागले. मग आलूचा बटाटा झाला, पत्तागोबीचा कोबी, बरबटीची चवळी, कोहळ्याचा लाल भोपळा. घरी फोनवर आलू, रूमवर बटाटा, असं दोन जिभांनी बोलायची सवय लागली. आणि मनातल्या मनात हेही पक्कं बसलं की बटाटा हा खरा, शुद्ध, पुस्तकातला मराठी शब्द आहे आणि आपला आलू गावठी. त्या बटाट्याने पुढे मला काय दाखवलं ते सांगतेच, पण आधी थोडं बाजारातच थांबू.

स्पॅनिश मी पुण्यातच शिकले, आणि पुस्तकं सगळी स्पेनमधली. त्यामुळे माझ्या डोक्यातली भाजीची टोपली माद्रिदची होती. बटाटा पातातास, वाटाणा गिसान्ते, फरसबी हुदिआस वेर्देस, बीट रेमोलाचा, अवोकाडो आग्वाकाते. हे सगळं तोंडपाठ करून मी ला वेगात पहिल्या दिवशी उभी राहिले आणि एकेक शब्द गळून पडत गेला. पातातास नाही, पापास. गिसान्ते नाही, आर्वेहास. हुदिआस वेर्देस नाही, पोरोतोस वेर्देस. रेमोलाचा नाही, बेतार्रागा. पुस्तकात पिमेंतोन म्हणजे लाल तिखटाची पूड होती म्हणून मी दोन चमचे पिमेंतोन मागितला तर तिने हातात लालभडक ढोबळी मिरची ठेवली, कारण चिलीत पिमेंतोन म्हणजे तीच. आग्वाकाते तेवढं तिला कळलं. हसून म्हणाली, पाल्ता. आणि लगेच पुढचा प्रश्न, आजसाठी की उद्यासाठी? मला वाटलं आपलं काहीतरी ऐकण्यात चुकलं. पण नाही, तिने तीन पाल्ता उचलल्या, एकेकीच्या देठाच्या बाजूला अंगठा नुसता टेकवल्यासारखा केला, दाबला म्हणावं इतकाही नाही, आणि एक वेगळी काढून म्हणाली, ही आज संध्याकाळी, या दोन परवा. संध्याकाळी कापली तर आतून लोण्यासारखी, एक काळा डाग नाही. तो अंगठा मला अजून आठवतो.

पहिले काही महिने मी याकडे वैताग म्हणूनच बघत होते. एवढी मोठी भाषा, वीस देश बोलतात, आणि साध्या फरसबीला एक नाव ठरवता येऊ नये? चिलीत पोरोतो वेर्दे, डोंगर ओलांडून अर्जेंटिनात गेलं की चाउचा, पेरूत वाइनिता, मेक्सिकोत एखोते, कोलंबियात आबिचुएला. आणि अर्जेंटिनाहून आलेल्या माणसाने सांतियागोत चाउचा मागितल्या तर लोकांना वाटेल सुट्टे पैसे मागतोय, कारण चाउचा हे तिथलं जुनं नाणं. पुढे आबिचुएला म्हणजे पोर्तो रिकोत शेंग नाहीच, आतले वाळलेले दाणे. मी एक वही केली, रकाने आखून, देश वरती आणि भाज्या बाजूला. ती वही भरत गेली तसा वैताग कमी झाला, कारण रकान्यांमध्ये एक गोष्ट स्वच्छ दिसायला लागली.

काही ओळी सगळ्या देशांत सारख्याच होत्या. कांदा सेबोया, लसूण आहो, गाजर सानाओरिया, पालक एस्पिनाका, वांगं बेरेन्हेना, माद्रिदपासून सांतियागोपर्यंत कुठेही जा. आणि काही ओळींत प्रत्येक देशाला वेगळा शब्द. आता बघा, कांदा, गाजर, वांगं या भाज्या स्पॅनिश लोकांनी जहाजातून नेल्या. बी आणि नाव एकाच गाठोड्यातून उतरलं, मग वेगळं कशाला होईल? बेरेन्हेना तर अरबीतून स्पेनमध्ये गेलेला, अरबीत फारसीतून, आणि त्याच्याही मागे गेलं तर आपला संस्कृत वातिंगण, ज्याचं मराठीत वांगं झालं. म्हणजे वांगं आणि बेरेन्हेना एकाच आजीची नातवंडं. हे कळलं त्या दिवशी भरली वांगी केली होती हे मला लक्षात आहे.

पण मका, बटाटा, रताळं, टोमॅटो, मिरची, भोपळा, घेवडा, शेंगदाणा, अवोकाडो, हे सगळं तिथे आधीपासून होतं. पिकवणारे होते, रांधणारे होते, त्यांच्या त्यांच्या भाषेत नावं होती. स्पॅनिश लोक जिथे गेले तिथे त्यांनी भाजी हातात घेऊन समोरच्या बाईला विचारलं असणार, याला काय म्हणता? जे उत्तर आलं तेच आज त्या देशाचं स्पॅनिश आहे. पाल्ता, पापा, चोक्लो, सापायो, पोरोतो हे सगळे केचुआ, इंकांच्या राज्याची भाषा, आणि ते राज्य सांतियागोच्याही खाली दक्षिणेला पोचलं होतं. आग्वाकाते, एलोते, एखोते, चायोते, कामोते हे मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेचे. शेवटचा ते बघितला की ओळखायचं. मूळ शब्द त्ल किंवा त्लीने संपायचे, स्पॅनिश जिभेला ते जमेना, तिने त्याचा ते केला.

तरी सगळंच असं सरळ बसत नाही हे पण सांगायला हवं. वाटाणा काही अमेरिकेचा नाही, तरी त्याची तीन नावं, गिसान्ते, आर्वेहा, चीचारो. पण तिथेही खोदलं तर कारण माणसंच निघतात. सुरुवातीला गेलेल्यांत माद्रिदकडच्यांपेक्षा दक्षिणेकडचे, अंदालुसियाचे लोक खूप होते, आणि स्पेनच्या कोपऱ्याकोपऱ्यातल्या गावठी शब्दांनी त्यांच्याबरोबर समुद्र ओलांडला. शब्दकोशवाल्यांना पातातास जवळचं असलं तरी स्पेनच्याच कॅनरी बेटांवर आजही पापासच म्हणतात.

आता बटाटा.

कोलंबस 1492 साली पोचला तो कॅरिबियन बेटांवर, आणि तिथे त्याला भेटले ताइनो लोक. युरोपने अमेरिकेतले पहिले शब्द त्यांच्या तोंडून ऐकले. माइस म्हणजे मका, आही म्हणजे मिरची, मानी म्हणजे शेंगदाणा, युका म्हणजे कसाव्याचा कंद, आणि बाताता, म्हणजे रताळं. खलाशी हे शब्द तोंडात घेऊनच पुढे गेले. मेक्सिको 1521 मध्ये घेतलं, पेरूत 1532 मध्ये घुसले, आणि तिथल्या लोकांकडे मक्याला, मिरचीला स्वतःचे शब्द असतानाही त्यांनी बेटांवरून आणलेले शब्द वापरले. पेरूत मिरचीला केचुआत उचू म्हणायचे, तरी आज पेरूचं स्पॅनिश आही म्हणतं. मक्याचं तर मला फार विचार करण्यासारखं वाटतं. सुका दाणा सगळीकडे माइस झाला, पण कोवळं कणीस मात्र मेक्सिकोत एलोते, चिली-पेरूत चोक्लो, व्हेनेझुएलात होहोतो. माझा आपला अंदाज असा की सुका दाणा हिशोबात, करात, जहाजात गेला म्हणून त्याचं नाव सरकारी झालं, आणि कणीस उसातल्या रसासारखं, आजचं आज खायचं, ते चुलीपाशी राहिलं आणि चुलीपाशी बसलेल्या बाईचाच शब्द त्याला चिकटून राहिला.

पेरूत गेल्यावर त्यांना दुसरा कंद दिसला, पापा. स्पेनमध्ये पापा आणि बाताता यांची सरमिसळ होऊन पातातास झालं. पोर्तुगीजांनी तर बटाट्यालाच बाताता म्हटलं, आणि तेच 1510 पासून गोव्यात बसले होते. तिथून तो शब्द कोकणीत आला, मराठीत आला, गुजरातीत गेला. म्हणजे पुण्यात ज्या शब्दापुढे मी माझा आलू लपवला तो बटाटा मूळचा कॅरिबियन बेटांवरचा, ताइनो माणसाचा, आणि तोही रताळ्याचा. आणि आलू? तो संस्कृतातल्या आलुकापासूनचा, कंद या अर्थाचा, आपल्याच मातीतला.

हे वाचलं तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग बराच वेळ काही सुचेना. कारण त्या ताइनो लोकांचं काय झालं? देवीची साथ, खाणीतली वेठ, मारहाण, काही दशकांत त्या बेटांवरची गावंच्या गावं ओस पडली. त्यांचं रक्त आजही कॅरिबियन माणसांत आहे, आम्ही ताइनोच म्हणणारे लोकही आहेत, पण ती भाषा घरात बोलणारं कोणी उरलं नाही. आणि त्यांचा एक शब्द पुण्या-मुंबईत दिवसाला किती लाख वेळा उच्चारला जातो, वडा करताना, भाजी करताना, पोराला डबा देताना. मी पुढच्या वेळी बटाटे सोलायला घेतले तेव्हा तो शब्द हळूच तोंडातल्या तोंडात म्हणून बघितला. त्याच्याकडे असं मी कधी बघितलंच नव्हतं.

त्यानंतर दोन वर्षं नोकरीसाठी मेक्सिको सिटीत होते. आता मला वाटलं आपण तयार आहोत, वहीतला मेक्सिकोचा रकाना पाठ आहे. आणि पहिल्याच रविवारी मार खाल्ला. टोमॅटोचं सार करायचं म्हणून अर्धा किलो तोमाते मागितले, तर मिळाले हिरवे, कागदी सालीतले, चिकट, आंबटढाण गोळे. मध्य मेक्सिकोत तोमाते म्हणजे ते. लाल टोमॅटोला हितोमाते म्हणायचं. जुन्या नाहुआत्लमध्ये हा फरक होताच, आपण सगळ्या जगाने तो पुसून टाकला, मेक्सिकोने ठेवला. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साआगुन नावाच्या पाद्र्याने तिथल्या म्हाताऱ्यांकडून त्यांच्याच भाषेत सगळं जग लिहून घेतलं, त्यात टोमॅटो विकणाऱ्याची वेगळी नोंद आहे, मोठे टोमॅटो, छोटे, पानांचे, गोड, एकेकाचं नाव. भाजी ज्याच्या घरची तो असा बारकाईने बोलतो. आपण नाही का, हापूस, पायरी, रायवळ, सगळ्यांना नुसता आंबा म्हटलं की कसंतरीच वाटतं.

मेक्सिकोत आणखी एका शब्दाने मला जिंकलं, काकावाते, म्हणजे शेंगदाणा. नाहुआत्लमधलं पूर्ण नाव त्लालकाकावात्ल. त्लाल म्हणजे जमीन आणि काकावात्ल म्हणजे कोको, कोकोचा दाणा. जमिनीतला कोको! आणि आपण काय म्हणतो? भुईमूग. जमिनीतला मूग. त्यांना ओळखीचा दाणा कोकोचा, आपल्याला मुगाचा, पण दोघांनीही झाड उपटून मुळांना लटकलेल्या शेंगा बघितल्या आणि अगदी तोच विचार केला. मिरचीचंही तसंच. कोलंबस निघाला होता काळ्या मिरीच्या शोधात, मिरीला स्पॅनिशमध्ये पिमिएंता, म्हणून तिखट लागणाऱ्या या नव्या फळाला त्यांनी पिमिएंतो केलं. आणि आपण मिरीवरून मिरची. हे मला कोणी शाळेत सांगितलं असतं तर मी भूगोलाचा तास कधी चुकवला नसता.

शेजारणीचं राहिलंच. ती पुढे आमच्या घरचीच झाली. एकदा तिने वाडगाभर आमटीसारखं काहीतरी आणून दिलं, म्हणाली, किंचोंचो, मोठ्या मुश्किलीने मिळाले. मी एक घास घेतला आणि थांबले. हिरव्या तुरीचे दाणे. आमच्याकडे हिवाळ्यात सोले म्हणतात, सोल्यांची आमटी, वाटून, लसूण घालून. तूर आपल्या देशातली, इथून आफ्रिकेत गेली, आणि तिथून माणसांना साखळ्यांत बांधून नेलं त्याच जहाजांच्या वाटेने कॅरिबियन किनाऱ्यावर पोचली. पोर्तो रिकोत तिला गांदुलेस म्हणतात, नाताळात भातात घालून शिजवतात, पनामात ग्वांदू, व्हेनेझुएलात किंचोंचो. मी तिला आमचा शब्द सांगितला. तिने तो दोनतीनदा म्हणून बघितला, मग मुलांना हाक मारून त्यांच्याकडूनही म्हणवून घेतला. बाजारात कासेराने तिला आउयामा नाही म्हटलं होतं तो दिवस आम्हा दोघींनाही आठवला, आम्ही त्यावर बोललो मात्र नाही.

मेक्सिकोतली आषाढी एकादशी पावसात असते, आपल्यासारखीच. त्या दिवशी ऑफिसहून यायला उशीर झाला होता, साबुदाणा भिजवायचा राहून गेलेला. भिजवला असता तरी त्या खिचडीतलं काय आपलं होतं, असं आता म्हणवतही नाही, कारण साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा, दाणे भुईमुगाचे, बटाटा, हिरवी मिरची, सगळं या बाजूचं, आणि तरी ती माझ्या आजीची खिचडी आहेच. तर मी नुसतीच बसले होते आणि आठच्या सुमाराला गल्लीत ती शिट्टी वाजली. ज्यांनी ऐकलीय त्यांना माहीत आहे, कामोतेरोची शिट्टी, लांबलचक, वर चढत जाणारी आणि मग दम सुटल्यासारखी खाली येणारी, वाफेवर वाजते. पत्र्याची भट्टी चाकांवर बसवलेली, खाली लाकडं पेटलेली, आत कामोते आणि राजेळी केळ्यांसारखी मोठी केळी भाजत असतात. मी चपला घालून जिना उतरले. म्हाताऱ्याने खण ओढला, वाफेचा लोट आला, त्याने एक जाड कामोते निवडलं, सालीसकट उभं चिरलं आणि वरून घट्ट गोड दूध सोडलं. आत पिवळं, कडेला साखरेचा रस गळून करपून डिंकासारखा झालेला.

जिन्यातच आईचा फोन. तिकडे द्वादशीची सकाळ उजाडलेली, उपास सोडायची तयारी चाललेली.

"काल उपासाले काय केलं वं?"

"इथे अजून एकादशीच आहे आई. कामोते घेतलंय."

"ते काय असते?"

मी फोन वाफेजवळ धरून तिला दाखवलं. तिने चष्मा लावला, बघितलं, आणि म्हणाली, "रताळंच तर होय. गरम आहे तोवर खाय."